चाळिशीतला ही-मॅन : जुनी खेळणी जमवणं हा आजार आहे का?

“डॉक्टर, यांना जरा समजवा. पंचेचाळिशी आली आणि अजून खेळणी विकत घेतात.”

मावळात दवाखाना चालवताना अशी तक्रार अधूनमधून ऐकायला मिळते. खेळणी म्हणजे ही-मॅन, स्केलेटॉर, जी. आय. जो, रोबोट आणि अंतराळयानं. तक्रार करणारी बहुधा पत्नी असते किंवा आई. ज्यांची तक्रार असते ते गृहस्थ आलेले असतात रक्तदाब तपासायला, आणि हा विषय निघाला की त्यांची मान खाली जाते.

माझं मत आधीच सांगून टाकतो. हा आजार नाही, पोरकटपणाही नाही. मात्र काही घरांत या छंदाआड दुसरा त्रास दडलेला असतो आणि तो वेळीच ओळखावा लागतो.

ही पिढी कुठली?

आज जे साधारण चाळीस ते पन्नास वर्षांचे आहेत, त्यांच्या लहानपणी दूरदर्शन हे एकच चॅनेल होतं. त्यावर ‘ही-मॅन’ लागायचा, ‘स्पेस सिटी सिग्मा’ लागायची. १९९८ मध्ये ‘कॅप्टन व्योम’ आला तेव्हा ही मुलं कॉलेजात पोचली होती, धाकटी भावंडं शाळेत होती. ‘लिओ’ने भारतात ही-मॅनच्या बाहुल्या आणल्या. १९८७ मध्ये एमआरएफ आणि अमेरिकेची हॅस्ब्रो यांच्या भागीदारीतून फनस्कूल सुरू झाली, तिचा कारखाना गोव्यात. फनस्कूलचे जी. आय. जो अमेरिकेतल्या साच्यांतून निघत, पण त्यांचे रंग पुष्कळदा वेगळे असत. त्या वेगळ्या रंगांमुळेच आज परदेशातले संग्राहकही ते शोधतात.

त्या काळी असं खेळणं वाढदिवसाला एखादं मिळायचं, तेही सगळ्यांना नाही. अंतराळतळ, किल्ले असे मोठे प्लेसेट तर दुकानाच्या काचेतूनच पाहायचे. पण आपल्याकडे दिवाळीचा किल्ला होता की! माती, दगड, पोती, वर पेरलेले हळीव, बुरुजावर मावळ्यांची चित्रं. आणि पुष्कळ किल्ल्यांवर त्या मावळ्यांच्या शेजारी एखादा ही-मॅन किंवा जी. आय. जो पहाऱ्याला उभा असायचा. खिडकीतून खरा लोहगड-विसापूर दिसणाऱ्या मुलांनाही त्यात काही वावगं वाटत नसे. तो किल्ला एकट्याने होत नाही. माती आणणारा मित्र, ओरडणारी आजी, बुरुज पाडणारा धाकटा भाऊ हे सगळे त्यात असतात. पुढचं सगळं समजायला एवढं लक्षात ठेवा.

आठवण काढणं मनाला वाईट का?

एके काळी वैद्यकशास्त्राला तसंच वाटत होतं. १६८८ मध्ये योहानेस होफर या तरुणाने बाझलच्या विद्यापीठातल्या प्रबंधात ‘नॉस्टॅल्जिया’ हा शब्द घडवला, तो घरापासून लांब राहिलेल्यांच्या आजाराचं नाव म्हणून. आपण ज्याला आज स्मरणरंजन म्हणतो, ते तेव्हा रोगाच्या यादीत होतं.

गेल्या वीस-पंचवीस वर्षांत मानसशास्त्रज्ञांनी, विशेषतः इंग्लंडमधल्या साउदम्प्टन विद्यापीठात, यावर बरंच काम केलं. त्यातून दिसलेलं चित्र वेगळं आहे. एकटेपणा किंवा उदासी आली की माणूस जुन्या आठवणींकडे वळतो. त्या आठवणींत बहुतेक वेळा इतर माणसं असतात. आणि त्यातून काही काळ तरी ‘आपलं कुणी आहे’ ही भावना बळावते.

म्हणजे हातात खेळणं असलं तरी मनात माणसं असतात. तळेगाव-चाकणच्या कंपन्यांत पाळ्या करणारा, मित्र पांगलेले, आईवडील थकलेले किंवा गेलेले, असा मध्यमवयीन पुरुष ‘मला एकटं वाटतं’ असं सहसा म्हणत नाही. डॉक्टरलाही नाही. पण “हा जो माझ्याकडे होता, मामाने मुंबईहून आणलेला,” हे तो सहज सांगतो. ते ऐकणारं कुणी असेल तर अर्धं काम होतं.

वस्तूंमधून माणूस जपणं आपल्याला नवं नाही. पुण्याचं राजा दिनकर केळकर संग्रहालय आपण शाळेच्या सहलीत पाहतो. दिनकर केळकरांनी आयुष्यभर दिवे, अडकित्ते, भांडी, वाद्यं जमवली आणि त्या संग्रहाला लहानपणीच गेलेल्या आपल्या मुलाचं, राजाचं, नाव दिलं. १९७५ मध्ये तो संग्रह त्यांनी महाराष्ट्र शासनाला देऊन टाकला. त्यांना कुणी वेडं म्हटलं असतं तर नुकसान आपलं झालं असतं.

मग काळजी कधी करायची?

खेळणी किती आहेत यावरून ठरवू नका. दोनशे बाहुल्या नीट मांडलेला माणूस निरोगी असू शकतो आणि वीस खोकी न उघडता रचणारा त्रासात असू शकतो. मी या गोष्टी विचारतो :

• खरेदी घरच्यांपासून लपवावी लागते का? त्यासाठी कर्ज, क्रेडिट कार्डाची थकबाकी, मुलांच्या फीला उशीर असं होतं का?
• पार्सल येईपर्यंतच मजा, आल्यावर खोकं तसंच पडून, आणि लगेच पुढची ऑर्डर, असं चक्र आहे का?
• झोप, काम, माणसांशी बोलणं कमी झालं आहे का?
• मोडकं-तोडकं, रिकामी खोकीसुद्धा टाकवत नाहीत आणि घरात वावरायला जागा उरलेली नाही, असं आहे का?

शेवटची गोष्ट छंदाची नाही. तो साठवणुकीचा विकार असू शकतो. २०१३ पासून मानसोपचारात त्याचं स्वतंत्र निदान होतं आणि त्यावर उपचार आहेत. पहिल्या तीन गोष्टींमागे अनेकदा नैराश्य किंवा चिंता असते. अशा वेळी खेळणी फेकून दिल्याने उदासी जात नाही, उलट घरातला विश्वास जातो. मानसोपचारतज्ज्ञांना भेटा. ‘टेलिमानस’ची १४४१६ ही सरकारी हेल्पलाइन मोफत आहे, दिवसरात्र चालते.

आपल्या हवेत जपताना

लोणावळ्यात वर्षाला ४००० मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो. पुठ्ठ्याची खोकी ओल धरतात, बुरशी चढते आणि दमा-ॲलर्जी असलेल्यांची शिंक-खोकला थांबत नाही. खोकी झोपायच्या खोलीत, पलंगाखाली ठेवू नका. काचेचं दार असलेलं कपाट भिंतीपासून थोडं दूर ठेवा. बुरशी दिसली तर मास्क लावून ओल्या फडक्याने पुसा.

जुनं मऊ प्लास्टिक कालांतराने चिकट होतं, कारण त्यातली मऊपणा देणारी रसायनं बाहेर येतात. जुन्या रंगांत शिसंही असू शकतं. खेळण्यांना बीआयएस प्रमाणपत्र सक्तीचं झालं ते १ जानेवारी २०२१ पासून. तुमचा ही-मॅन त्याच्या फार आधीचा. म्हणून ही खेळणी तोंडात घालणाऱ्या बाळाला देऊ नका, त्यांच्या छोट्या बंदुका-ढाली तर मुळीच नाहीत. बटण-बॅटरी गिळली तर दोन तासांत अन्ननलिका भाजू शकते. उलटी करायला लावू नका, थेट मोठ्या रुग्णालयात न्या.

घरच्यांना एक विनंती

“वय काय, करता काय” हे वाक्य बंद करा. त्याऐवजी एकदा विचारा, “हे लहानपणी कुणाबरोबर खेळायचात?” उत्तर लांबलं तर लांबू द्या. आणि संग्राहकांनो, महिन्याची रक्कम घरी बोलून ठरवा. एखादं खोकं फोडा, येत्या दिवाळीत मुलांच्या किल्ल्यावर एक जुना जो उभा करा. आणि ज्या मित्राबरोबर पहिला किल्ला केला होता, त्याला फोन करा. रक्तदाबाच्या गोळ्या सुरू ठेवाच, पण हा फोन टाळू नका.