टाळमृदंग आणि ख्रिस्तभक्ति

नाताळ जवळ आला कीं शाळेंत गाण्यांच्या तालमी सुरू होतात, आणि प्रतिवर्षीं कोणी ना कोणी विचारतोच : ख्रिस्ती गीताला टाळमृदंग कशाला? असें विचारणारांत ख्रिस्ती घरचे विद्यार्थी असतात, तसेच हिंदु घरचेहि असतात. एकांस वाटतें, अभंग आपला नव्हे. दुसऱ्यांस वाटतें, तो यांचा नव्हे. आमच्या मतें दोघेहि चुकतात, आणि ही चूक क्षुल्लक नाहीं. ज्यास आपल्याच मातीचा सूर परका वाटूं लागला, त्यास पुढें शेजारीहि परका वाटूं लागतो.

पूर्वींच्या मंडळींनीं काय केलें तें पाहूं. फादर थॉमस स्टीफन्स हे जन्मानें इंग्रज व पंथानें जेझुइट. ते १५७९ सालीं गोव्यास आले. युरोपांतून आलेल्या धर्मगुरूनें लॅटिन स्तोत्रें शिकवावीं, हीच त्या काळची रीत. त्यांनीं मात्र ख्रिस्तचरित्र मराठी ओवींत गाइलें. त्यांचें 'ख्रिस्तपुराण' १६१६ सालीं प्रथम छापलें गेलें. त्यांत सुमारें ११,००० ओव्या आहेत. लिपि रोमन, परंतु छंद ज्ञानोबांचा!

पुढें एकोणिसाव्या शतकांत अहमदनगर, म्हणजे आजचें अहिल्यानगर, येथें कृष्णराव रत्नाजी सांगळे यांनीं कीर्तनाच्या द्वारें शुभवर्तमान सांगितलें. ती वाट रेव्हरंड नारायण वामन टिळक यांनीं राजमार्ग केली. टिळकांचा जन्म १८६१ सालीं करजगांवीं ब्राह्मण कुळांत झाला. १८९५ सालीं मुंबईस त्यांनीं बाप्तिस्मा घेतला, तेव्हां आप्तेष्ट दुरावले. अशा मनुष्यानें मागील सर्व टाकून द्यावें, असें उभयपक्षीं वाटणें स्वाभाविक होतें. परंतु टिळकांनीं तुकोबांस टाकलें नाहीं. तुकोबांच्याच पुलावरून आपण ख्रिस्तचरणीं पोहोंचलों, असें ते सांगत. त्यांचीं पदें आजहि मराठी मंडळ्यांच्या 'उपासना संगीतां'त गाइलीं जातात. त्यांचें 'ख्रिस्तायन' १९१९ सालीं त्यांच्या निधनामुळें अपुरें राहिलें, तें त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई यांनीं पुरें केलें.

आपल्या पुण्याचाहि या कथेंत वांटा आहे. जॅक विन्स्लो या इंग्रज धर्मगुरूंनीं १९२२ सालीं ख्रिस्त सेवा संघ स्थापिला, व पुढें शिवाजीनगरास त्याचा आश्रम झाला. तेथें या देशाच्या रीतीनें उपासना होई. याच विन्स्लोंनीं १९२३ सालीं टिळकांचें इंग्रजी चरित्र प्रसिद्ध केलें.

कांहीं पालकांस शंका येते कीं, ख्रिस्ती कीर्तन म्हणजे केवळ लोकांस वश करण्यासाठीं पालटलेला वेष. ही शंका आम्ही हंसण्यावारी नेत नाहीं. परंतु सोंग फार दिवस टिकत नसतें. टिळकांस ओवी व अभंग कोठून उसने आणावे लागले नाहींत. तीच त्यांची बोली होती. जो आपल्या मायबोलींत रडतो, तो तिच्यांतच प्रार्थना करील. त्यास वेषांतर म्हणणें अन्यायाचें होईल.

तसेंच, पाश्चात्य चाली टाकाव्या असेंहि आमचें म्हणणें नाहीं. चार स्वरांच्या गायनांत प्रत्येकास दुसऱ्याचा आवाज ऐकत गावें लागतें. हा संस्कार मोलाचा आहे. शिवाय जी चाल आजीनें साठ वर्षें देवघरासारखी जपली, ती परक्या देशांतून आली म्हणून परकी राहिली काय? आपलेपण हें जन्मस्थानावर नव्हे, तर जिव्हाळ्यावर ठरतें. हाच न्याय अभंगासहि लावावा, एवढेंच आमचें मागणें.

विद्यार्थिमित्रहो, येत्या नाताळीं चार स्वरांचें एक गीत अवश्य बसवा, आणि त्याच्या जोडीस टाळमृदंगावर एक अभंगहि गा. टाळ धरावयास ज्यांना येतो, ते मग कोणत्याहि घरचे असोत, त्यांनीं पुढें यावें. आणि पालकांस आमची विनंति कीं, घरांतील वडीलधारीं माणसें कोणतीं भजनें म्हणत, तें मुलांना एकदां बसवून ऐकवावें. जीं गाणीं कोणी विचारीत नाहीं, तीं गाणाऱ्यांबरोबरच निघून जातात.