वाट सर्वांची, जबाबदारीही सर्वांची

अमेरिकेच्या युटा राज्यात मोआबजवळच्या लॅबिरिंथ कॅन्यन परिसरातल्या सुमारे ५१० किलोमीटर वाटा सरकारने २०२३ साली मोटारवाहनांना बंद केल्या. वाहनांना प्रवेश मागणारी ब्लूरिबन कोअलिशन ही संघटना त्याविरुद्ध न्यायालयात गेली. सार्वजनिक जमीन सर्वांची आहे आणि वृद्धांना, अपंगांना दूरची दरी गाडीशिवाय गाठता येत नाही, हा अशा संघटनांचा मुद्दा रास्त आहे. पण तिथे बंद झालेल्यांच्या दुपटीहून अधिक वाटा खुल्याच राहिल्या. शिवाय चाकांखाली मोडलेला वाळवंटी मातीचा जिवंत थर सावरायला अनेक वर्षे लागतात. अशी हानी टाळण्यासाठीच राष्ट्राध्यक्ष निक्सन यांच्या १९७२च्या आदेशाने सार्वजनिक जमिनीवरच्या वाहनवाटा ठरवताना माती, पाणलोट आणि वन्यजीव यांची हानी कमीत कमी ठेवण्याचे बंधन घातले. प्रत्येक बंदीला विरोध करण्याऐवजी उरलेल्या वाटा निगुतीने राखल्या, तरच प्रवेशाचा हक्क टिकेल.