प्रभाव, विद्रोह आणि आशेचा पुरावा

चळवळींच्या साहित्याविषयी बोलताना मराठी समीक्षेने 'प्रभाव' आणि 'विद्रोह' हे दोन शब्द फार सैलपणे वापरले आहेत. पहिल्या शब्दामुळे चळवळीची प्रेरणा परदेशात नेऊन ठेवता येते, तर दुसऱ्यामुळे तिचे सारे कार्य एका भावावस्थेत मिटवून टाकता येते. एका मुक्तिलढ्याने दुसऱ्यापासून शिकणे ही जी वैचारिक कृती, तिला या परिभाषेत जागाच नाही. पदव्युत्तर वर्गांतून हीच परिभाषा गिरवली जाते आणि विद्यार्थ्याच्या हाती चळवळीचा संताप तेवढा येतो. तिची आशा कशावर उभी होती, हे त्याला कळत नाही.

जोतीराव फुल्यांनी 'गुलामगिरी' (१८७३) हा ग्रंथ काळ्या गुलामांच्या मुक्ततेसाठी झटणाऱ्या अमेरिकेतील सज्जनांना अर्पण केला. ही अर्पणपत्रिका त्यांच्या उदार मानवतावादाचा दाखला म्हणून उद्धृत होते आणि तेथेच विषय संपतो. वास्तविक ती एक युक्तिवाद मांडते. धर्ममान्य आणि निसर्गसिद्ध म्हणून मिरवणारी गुलामगिरीची संस्था अमेरिकेत १८६५ मध्ये घटनादुरुस्तीने संपुष्टात आली. मग शूद्रांचे दास्य तरी अटळ का मानावे? अमेरिकेतील लढा येथे पुराव्याचे काम करतो. त्याच वर्षी सत्यशोधक समाज स्थापन झाला आणि भटाविना विवाह लागू लागले. अमेरिकेतील दास्यविमोचनाच्या चळवळीत या कृतीला समांतर असे काही नव्हते. शिकण्याची खूण हीच, की शिकलेली गोष्ट मूळ ठिकाणी सापडत नाही. 'प्रभावा'चा शोध घेणाऱ्या समीक्षेला मात्र साम्यस्थळे तेवढी दिसतात.

महाडचेही असेच झाले आहे. २० मार्च १९२७ चा चवदार तळ्याचा प्रसंग 'प्रतीक' म्हणून वाचला जातो. त्यामागे मुंबई विधिमंडळाचा १९२३ चा बोले ठराव होता आणि महाड नगरपालिकेचा १९२४ चा ठराव होता, हे तपशील समीक्षेला नीरस वाटतात. डिसेंबरमधील परिषदेत डॉ. आंबेडकरांनी त्या सभेची तुलना १७८९ च्या फ्रेंच राष्ट्रीय सभेशी केली. या तुलनेला वक्तृत्वाचा अलंकार समजणे ही वाचनातील गफलत आहे. पाण्याचा प्रश्न समाजरचनेच्या पुनर्घटनेचा प्रश्न आहे, हे त्या तुलनेने सिद्ध करायचे होते. त्याच परिषदेत मनुस्मृतीचे दहन झाले. परंतु न्यायालयाचा तात्पुरता मनाईहुकूम असल्यामुळे पाणी घेण्याचा सत्याग्रह स्थगित ठेवण्यात आला. दहन आणि स्थगिती या दोन्ही कृती एकाच विवेकातून आल्या होत्या. उच्च न्यायालयाचा अनुकूल निकाल १९३७ मध्ये लागला. 'विद्रोह' हा शब्द दहनाचे वर्णन करू शकतो. मधल्या दहा वर्षांपुढे तो मुका होतो.

१९७२ मध्ये स्थापन झालेल्या दलित पँथरवर तर 'प्रभावा'चा शिक्का नावापासूनच मारला गेला. १९७३ च्या जाहीरनाम्यातील 'दलित' या संज्ञेची व्याप्ती पाहिली तरी हा शिक्का टिकत नाही. अनुसूचित जाती-जमाती, नवबौद्ध, कामगार, भूमिहीन, गरीब शेतकरी आणि स्त्रिया यांना एका संज्ञेत आणण्याचा हा प्रयत्न येथील जातिवर्गवास्तवातूनच संभवत होता. नाव अमेरिकेतून आले; व्याख्या येथे घडवावी लागली.

यावर असा आक्षेप येईल, की १९७४ मध्येच पँथर फुटली, तेव्हा ही आशा भाबडी ठरली. आक्षेपातील वस्तुस्थिती खरी आहे, निष्कर्ष खरा नाही. मराठवाडा विद्यापीठाच्या नामांतराचा ठराव १९७८ मध्ये विधिमंडळात संमत झाला, त्यानंतर दलित वस्त्यांवर अमानुष हल्ले झाले आणि तरीही लढा चालू राहिला. १४ जानेवारी १९९४ रोजी जे पदरात पडले तो नामविस्तार होता, म्हणजे तडजोड होती. संघटना फुटल्यावर, माणसे गमावल्यावर आणि विजय अपुरा आहे हे दिसत असतानाही जी सोळा वर्षे टिकते, तिला भाबडी म्हणणे म्हणजे पराभवालाच प्रगल्भतेचे प्रमाणपत्र देणे होय.

दुसरा आक्षेप विद्यापीठीय आहे: हा समाजेतिहास झाला, साहित्यविचार नव्हे. येथेच खरी मेख आहे. अर्पणपत्रिका, अध्यक्षीय भाषण, ठराव, जाहीरनामा या साऱ्या संहिता आहेत. त्यांना रचना आहे, संबोधित वाचक आहे, भविष्यकाळाचे व्याकरण आहे. समीक्षेने त्यांना 'पार्श्वभूमी'त ढकलले आणि कविता व आत्मकथन एवढेच वाचले. तेही बहुधा वेदनेचा दस्तऐवज म्हणून. वेदना वाचायला शिकलेला विद्यार्थी सहानुभूती दाखवील. उद्याची चळवळ कशी बांधावी, याचे त्याला काहीच उमगणार नाही. अभ्यासक्रमात 'गुलामगिरी'ची अर्पणपत्रिका, महाडचे भाषण आणि पँथरचा जाहीरनामा संहिता म्हणून, ओळीओळीने वाचले जात नाहीत, तोवर सामाजिक न्यायाविषयी समीक्षेने काढलेले उद्गार शोकसभेतील भाषणांच्याच योग्यतेचे राहतील.