बुद्रुक, बुध आणि हत्तीचे वजन



एक जानेवारीला आमची स्वारी बिऱ्हाडासकट पेरणे फाट्यावर गेली होती. जयस्तंभाला मानवंदना दिली, डबे सोडले, आणि तिथून वढू बुद्रुकला निघालो. गावाच्या पाटीवर बोट ठेवून आमच्या चौथीतल्या नातवाने विचारले, "आजोबा, बुद्रुक म्हणजे बुद्धांचं गाव का?"

आम्ही छाती फुगवून "हो तर!" असे ठोकून दिले.

शेजारी एक निवृत्त गुरुजी उसाचा रस पीत उभे होते. त्यांना हसू आवरेना. म्हणाले, "अहो भाऊ, लेकराला भलतंच काय सांगता? बुद्रुक हा फारसी शब्द आहे!" आमच्या आयुष्यमतींनी पदर तोंडाला लावला. गेली कित्येक वर्षे आम्ही या सदरात लोकांना शहाणपण शिकवतो आहोत, आणि भर रस्त्यात ही गत!

तर वाचकहो, खरे असे आहे. फारसीत 'बुजुर्ग' म्हणजे मोठा, वडीलधारा. कव्वालीत आणि हिंदी सिनेमात हा शब्द आपण शंभरदा ऐकला आहे. त्याचेच मराठी तोंडी बुद्रुक झाले. 'खुर्द' म्हणजे लहान. एकाच नावाची दोन गावे असली की थोरले ते बुद्रुक आणि धाकटे ते खुर्द. वढू बुद्रुक शिरूर तालुक्यात, आणि त्याचा धाकटा भाऊ वढू खुर्द हवेली तालुक्यात. बादशाही गेली, पेशवाई गेली, इंग्रजही गेले. पण सात-बाऱ्यावर फारसी अजून ठाण मांडून बसली आहे.

नातू हिरमुसला. त्याची समजूत काढायला गुरुजींनीच दुसरी गोष्ट सांगितली. वढूला छत्रपती संभाजी महाराजांची समाधी आहे. औरंगजेबाने ११ मार्च १६८९ रोजी त्यांचा वध करविला तो याच भीमेकाठच्या परिसरात. तलवारीचा हा राजा संस्कृतचा पंडितही होता, हे फार थोड्यांना ठाऊक असते. त्यांनी लिहिलेल्या राजनीतीच्या संस्कृत ग्रंथाचे नाव 'बुधभूषण'. यातला 'बुध' म्हणजे शहाणा, जाणता. बुध, बुद्धी, बोध आणि बुद्ध ही चारही भावंडे 'बुध्' या एकाच धातूची. त्याचा अर्थ जागे होणे, जाणणे. म्हणजे गावाच्या पाटीवर बुद्धांचे काही नव्हते, पण तिथे विसावलेल्या राजाच्या ग्रंथात त्या शब्दाचे सख्खे भावंड होते. हा ग्रंथ पुण्याच्या भांडारकर संस्थेने १९२६ साली छापला. लगेच पुढच्या १ जानेवारीला, १९२७ साली, बाबासाहेब जयस्तंभाला मानवंदना द्यायला आले. योगायोगच, पण आम्हाला आवडला.

जयस्तंभाची एक गंमत पाहा. लढाई १ जानेवारी १८१८ ला झाली ती कोरेगाव भीमा गावात, शिरूर तालुक्यात. स्तंभ मात्र नदीच्या अलीकडे पेरण्याच्या हद्दीत, म्हणजे हवेली तालुक्यात. घरातल्या मोठ्यांना विचारून पाहा, दहांतले आठ चुकतील. स्तंभावर कामी आलेल्या ४९ जणांची नावे आहेत, त्यांतल्या २२ नावांच्या शेवटी 'नाक' आहे. ही आपल्या पूर्वजांची खूण. पुढे १९४१ साली महार रेजिमेंट उभी राहिली, तेव्हा तिच्या बिल्ल्यावर हाच स्तंभ होता.

वढूतच गोविंद गोपाळ महार यांचीही समाधी आहे. बादशहाच्या भीतीने कोणी पुढे येईना, तेव्हा त्यांनी महाराजांच्या देहाचे अंत्यसंस्कार केले असे आपल्या घराघरांत सांगतात. गावातले शिवले घराण्याचे लोक तोच मान आपल्या पूर्वजांचा सांगतात. समाधीजवळच्या फलकावरून डिसेंबर २०१७ मध्ये वाद पेटला, आणि १ जानेवारी २०१८ ला काय झाले ते वाचकांना सांगायला नको. नातवाला गोविंद गोपाळांची गोष्ट आम्ही पुरी सांगितली, अगदी रंगवून. फक्त या खेपेस 'असे सांगतात' हे दोन शब्द गाळले नाहीत. एकदा तोंडघशी पडलो होतो ना! "मग लिहिलेलं कुठंय?" असे त्याने विचारले. स्तंभावरची नावे दगडात कोरलेली आहेत. गोविंद गोपाळांचे नाव तीनशे वर्षे माणसांच्या तोंडी जगले. दोन्हीतला फरक त्याला कळला असावा, कारण तो बराच वेळ गप्प होता.

आता थोडी करमणूक. 'स्वराज्यरक्षक संभाजी' मालिकेत महाराजांचे काम केलेले डॉ. अमोल कोल्हे २०१९ साली खासदार झाले ते कोणत्या मतदारसंघातून? शिरूर! म्हणजे पडद्यावरच्या संभाजीला खऱ्या संभाजी महाराजांच्या समाधीचे गाव मतदारसंघात मिळाले. २०२५ चा 'छावा' सिनेमा तर तुम्ही पाहिलाच असेल. ती कादंबरी शिवाजी सावंतांनी १९७९ सालीच लिहून ठेवली होती.

शेवटी बालमित्रांसाठी. जवळच तुळापूर आहे. पूर्वीचे नाव नागरगाव. सांगतात की आदिलशाही सरदार मुरार जगदेव यांना हत्तीची तुला करायची होती, पण तेवढा तराजू आणायचा कुठून? मग हत्ती नावेत चढवला, पाणी नावेला कुठवर आले तिथे खूण केली. हत्ती उतरवून त्या खुणेपर्यंत नाव बुडेल इतके दगड भरले आणि ते दगड थोडे थोडे करून तोलले. झाले हत्तीचे वजन! तुला झाली म्हणून तुळापूर. अशीच गोष्ट चीनमध्ये त्साव चुंग नावाच्या लहान मुलाची सांगतात, ती तर अठराशे वर्षांपूर्वीची.

घरी करून पाहा. बादलीत पाणी, त्यात तरंगता वाडगा, वाडग्यात बटाटा. पेनने खूण करा. बटाटा काढून खुणेपर्यंत तांदूळ भरा आणि ते तांदूळ वाण्याकडे तोलून आणा. आमच्या नातवाने बटाट्याऐवजी आमचा चष्मा ठेवला आणि वाडगा कलंडला. त्यामुळे हे सदर आम्ही जुन्या चष्म्याने लिहीत आहोत. अक्षर चुकले तर सांभाळून घ्या, आणि तुमच्या तालुक्यातल्या बुद्रुक-खुर्दच्या जोड्या मोजून आम्हाला जरूर कळवा.