लेखकाच्या टेबलावरील पसारा

टापटीप हा सद्गुण आणि पसारा हा दोष, अशी शिकवण मराठी घरांतून पिढ्यान्‌पिढ्या दिली गेली आहे. लेखकाच्या बाबतीत मात्र हाच न्याय उलटा करून पसारा हे प्रतिभेचे लक्षण मानण्याची हौस दिसते. वस्तुतः दोन्ही समजुतींत एक मूलभूत प्रश्न निसटतो. तो म्हणजे, ही मांडामांड कोणत्या कामासाठी आहे?

'दासबोधा'च्या एकोणिसाव्या दशकातील पहिला समास लेखनक्रियेविषयी आहे. अक्षराचे वळण, ओळींची समानता, कागदाच्या कडेला सोडावयाची जागा, शाई, लेखणी यांविषयी रामदासांनी तेथे काटेकोर सूचना केल्या आहेत. ही शिस्त मुख्यतः ग्रंथ उतरवून घेणाऱ्याची आहे. जो मजकूर सिद्ध झाला आहे तो निर्दोष राहावा आणि टिकावा, हा तिचा हेतू. ग्रंथाचे आयुष्य नकलनविसाच्या हातावर अवलंबून होते त्या काळात टापटीप ही ग्रंथाविषयीची निष्ठाच होती. परंतु जो मजकूर अद्याप सिद्ध व्हावयाचा आहे, त्याला हाच नियम लावता येईल काय?

रवींद्रनाथांचे हस्तलिखित येथे उद्‌बोधक ठरते. १९२४ च्या दक्षिण अमेरिकेच्या प्रवासकाळातील 'पूरबी'च्या वहीत खोडलेले शब्द रेषांनी एकमेकांना जोडले गेले आणि त्यांतून पक्षी, श्वापदे, मुखवटे आकाराला आले. व्हिक्टोरिया ओकाम्पो यांचे लक्ष या पानांकडे गेले. पुढे १९३० मध्ये पॅरिस येथे भरलेल्या रवींद्रनाथांच्या पहिल्या चित्रप्रदर्शनाला त्यांचेच साहाय्य लाभले. या वहीत पसाऱ्याचा गौरव नाही, तसा त्याचा तिरस्कारही नाही. विस्कटलेल्यानेच येथे रूपाची मागणी केली आहे. केवळ स्वच्छ प्रत जपून खाडाखोडीची पाने टाकून दिली असती, तर आधुनिक भारतीय चित्रकलेतील एका प्रकरणाचा उगमच दिसेनासा झाला असता.

प्रायोगिक मानसशास्त्रानेही या विषयाला हात घातला आहे. अमेरिकेतील मिनेसोटा विद्यापीठातील कॅथलीन वोस व त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत, नीटनेटक्या खोलीत बसलेल्यांनी चॉकलेटऐवजी सफरचंद अधिक प्रमाणात निवडले व दानही अधिक दिले. अस्ताव्यस्त खोलीत बसलेल्यांनी टेबलटेनिसच्या चेंडूचे अधिक अभिनव उपयोग सुचविले. निष्कर्ष रोचक आहेत, पण त्यांची मर्यादा उघड आहे. तेथील अस्ताव्यस्तपणा प्रयोगकर्त्यांनी रचलेला होता आणि त्यात बसणारा थोड्या वेळापुरता पाहुणा होता. लेखकाचा पसारा त्याने स्वतः, वर्षानुवर्षे घातलेला असतो. परक्याला जो गोंधळ वाटतो, तो त्याच्यापुरता स्मृतीचा नकाशा असतो. कोणत्या कात्रणाखाली कोणता खर्डा आहे, हे त्यालाच ठाऊक असते.

खरा प्रश्न उभा राहतो तो हा जाणकार गेल्यावर. मराठी मातृभाषेचे हिंदी कवी मुक्तिबोध १९६४ मध्ये निवर्तले. 'चाँद का मुँह टेढ़ा है' हा त्यांचा पहिला स्वतंत्र काव्यसंग्रह त्याच वर्षी निघाला. दीर्घ कविता पुनःपुन्हा लिहिण्याची त्यांची रीत होती. त्यामुळे १९८० मध्ये सहा खंडांत आलेली नेमिचंद्र जैन संपादित 'रचनावली' हे केवळ संकलन नव्हते, तर कागदांतून क्रम शोधण्याचे काम होते. बंगालीत जीवनानंद दास यांच्या १९५४ मधील मृत्यूनंतर त्यांच्या अप्रकाशित कथा-कादंबऱ्या कागदपत्रांतून बाहेर आल्या. 'माल्यवान' तर १९७३ मध्ये छापली गेली. अशा वेळी कोणता कागद कोणत्या कागदाशेजारी होता, हाही पुरावाच असतो.

हा पुरावा आपल्याकडे सहसा द्वेषाने नष्ट होत नाही. तो दिवाळीच्या साफसफाईत रद्दीत जातो, किंवा ग्रंथालयातील सद्भावनेने विस्कटतो: पत्रे एका फाइलीत, कविता दुसऱ्या फाइलीत, आणि कात्रणे निरुपयोगी म्हणून बाजूला. चित्रकार फ्रान्सिस बेकन १९९२ मध्ये वारले, तेव्हा त्यांचा लंडनमधील स्टुडिओ रंगांचे डबे, फाटकी छायाचित्रे आणि पुस्तके यांनी भरलेला होता. १९९८ मध्ये तो डब्लिनच्या ह्यू लेन कलादालनाला मिळाला. पुरातत्त्वज्ञांनी उत्खननस्थळाप्रमाणे त्याचे नकाशे काढले, सात हजारांहून अधिक वस्तूंची नोंद झाली आणि २००१ मध्ये तो होता तसा प्रेक्षकांसाठी उघडण्यात आला.

एवढा खर्च प्रत्येक भारतीय लेखकासाठी कोणी करावा, अशी अपेक्षा अवास्तव होईल. त्याची गरजही नाही. कागद उचलण्यापूर्वी टेबलाची व कपाटांची छायाचित्रे घेणे, गठ्ठ्यांना क्रमांक देणे आणि एका रुमालातील कागद त्याच रुमालात ठेवणे, एवढे कोणत्याही भाषाविभागाला शक्य आहे. वाचकाच्या सोयीसाठी सुव्यवस्था हवी, हा आक्षेप रास्त आहे. पण ती सुव्यवस्था सूचीत असावी, कागदांवर लादू नये. टापटीप सूचिकाराने जरूर पाळावी. लेखकाचा पसारा आवरण्याचा अधिकार मात्र लेखकाचाच होता. मागून येणाऱ्या अभ्यासकाचे काम तो वाचण्याचे आहे.