आधी काय संपणार? – ‘लिमिटिंग रिएजंट’ शिकवताना



अकरावीच्या रसायनशास्त्रात ‘लिमिटिंग रिएजंट’ आलं की बरीच मुलं सूत्र पाठ करतात आणि गणित मात्र चुकवतात. माझ्या मते दोष मुलांचा नाही, आपण सुरुवात करतो त्या जागेचा आहे.

आपण सहसा मोदकापासून सुरू करतो. पाऱ्या 21 आणि सारण 15 मोदकांपुरतं, तर मोदक 15च. हे मुलांना लगेच कळतं. पण मोदकात आपण नग मोजतो, प्रयोगशाळेत ग्रॅम. हा फरक न सांगता पुढे गेलो, की ‘वजनाने कमी तो आधी संपतो’ असा समज पक्का होतो.

म्हणून रत्नागिरीच्या मुलांना माहीत असलेलं उदाहरण घ्या: आंबा पिकवायची कार्बाइडची पुडी. कॅल्शिअम कार्बाइड आणि पाणी यांपासून ॲसिटिलीन वायू आणि कॅल्शिअम हायड्रॉक्साइड तयार होतं:

CaC₂ + 2H₂O → C₂H₂ + Ca(OH)₂

समजा, कार्बाइड 32 ग्रॅम आणि पाणी 27 ग्रॅम आहे. आधी काय संपेल? वर्ग म्हणेल, पाणी. आता मोल काढू.

कार्बाइड: 32 ÷ 64 = 0.5 मोल
पाणी: 27 ÷ 18 = 1.5 मोल

0.5 मोल कार्बाइडला पाणी लागतं 1 मोल, म्हणजे 18 ग्रॅम. संपतं कार्बाइड, आणि 9 ग्रॅम पाणी उरतं! ॲसिटिलीन मिळेल 0.5 मोल, म्हणजे 13 ग्रॅम. प्रत्यक्षात 10.4 ग्रॅमच हाती आला, तर उतारा 80 टक्के.

ताळाही करून घ्या. 32 + 27 = 59. इकडे 13 + 37 + 9, तेही 59. ही सवय सूत्रापेक्षा मोलाची.

हा प्रयोग फळ्यावरच ठेवा. ॲसिटिलीन पेट घेतो आणि बाजारातल्या कार्बाइडमध्ये आर्सेनिक, फॉस्फरसचे अंश असतात. म्हणूनच त्याने फळं पिकवायला कायद्याने बंदी आहे. करून बघायला खायचा सोडा आणि व्हिनेगर पुरे. बाटल्यांत व्हिनेगर सारखंच घ्या, सोडा वाढवत न्या आणि तोंडाला फुगे लावा. एका टप्प्यानंतर फुगा मोठा होत नाही. तिथे व्हिनेगर संपलं, हे मुलं स्वतःच सांगतात.

पालकहो, यातली काही मुलं उद्या लोट्याच्या रासायनिक कारखान्यांत कामाला लागतील. तिथे उतारा घटला की माल कमी आणि विल्हेवाट लावायचा कचरा जास्त. तेव्हा ‘उत्तर काय आलं?’ याआधी मुलांना विचारा, ‘काय संपलं, आणि काय उरलं?’