जुन्या गाडीचा गंज



आपल्या वस्त्यांत १५-२० वर्षांची हिरो होंडा आणि क्वचित १९९६ साली बंद झालेली यामाहा आर.एक्स. १०० अजून धावताना दिसते. इंजिन ठणठणीत असते, पण पत्रा आणि लोखंड गंज खातो. अंधेरी-बोरिवलीकडे वर्सोवा-गोराईची खाडी, घाटकोपर-मुलुंडकडे ठाण्याची खाडी. खारी हवा ओल धरून ठेवते, त्यात चार महिन्यांचा पाऊस. म्हणून दसऱ्याच्या सुमारास गाडी एकदा नीट तपासावी.

क्रोमचे भाग : हँडल, सायलेन्सर यांवर तांबूस ठिपके असतील तर अ‍ॅल्युमिनियमची पन्नी चुरगाळून पाण्यात बुडवा व हलक्या हाताने घासा. अ‍ॅल्युमिनियम क्रोमपेक्षा मऊ असल्याने चरे पडत नाहीत. कोरडे पुसून मेणाचे पॉलिश लावा. क्रोमचे पापुद्रे सुटले असतील तर भाग प्लेटिंगवाल्याकडेच द्या. त्यातली रसायने विषारी असतात, हा प्रयोग घरी करू नये.

रंगाचे भाग : स्टँड, चौकट, मडगार्डची आतली बाजू वायर ब्रशने व पॉलिश पेपरने चकचकीत लोखंड दिसेपर्यंत घासा. थिनरने पुसून त्याच दिवशी रेड ऑक्साईड मारा. उघडे लोखंड दमट हवेत रातोरात पुन्हा गंजते. सुकल्यावर रंगाचे दोन पातळ हात द्या. थिनरजवळ स्टोव्ह किंवा विडी नको, दारे-खिडक्या उघड्या ठेवा. चासी नंबर घासू नका व जाड रंगाखाली बुजवू नका. १५ वर्षांनंतर नोंदणी ५-५ वर्षांसाठी वाढवून घेताना आर.टी.ओ.त तो नंबर तपासतात.

जिवाशी गाठ असलेले भाग : पुढच्या शॉकॉपच्या पाइपावर गंजाचे खड्डे पडले की ऑइल सील फाटते आणि तेल गळून ब्रेकपर्यंत जाऊ शकते. असा पाइप बदलावा. मागचा चिमटा व चौकटीचे सांधे पेचकसाने टोचून पाहा. पत्रा दबला किंवा भोक पडले तर लांबी भरून रंग देऊ नका, जाणत्या वेल्डरला दाखवा. स्प्रिंग, अ‍ॅक्सल व कडक पोलादाचे बोल्ट गंज काढण्यासाठी अ‍ॅसिडात टाकू नयेत. त्यातला हायड्रोजन पोलादात शिरून ते ठिसूळ होते आणि भार पडताच तुटू शकते. मागे बायको-मुले बसलेली असतात, तेव्हा या भागांत काटकसर नको.

पुढची काळजी : ताडपत्री घट्ट गुंडाळू नका, आत वाफ कोंडते. खालून हवा खेळू द्या. भिजलेली गाडी गोड्या पाण्याने धुऊन पुसा, मग चेनला तेल द्या. गाडी बरेच दिवस उभी राहणार असेल तर टाकी भरलेली ठेवा. रिकाम्या जागेत दमट हवेचे पाणी होऊन टाकी आतून गंजते.

पन्नी, पेपर, ब्रश आणि रंगाचा एक लहान डबा एवढ्यात एका रविवारी बरेच काम होते. उरलेला पैसा शॉकॉप आणि ब्रेकसाठी राखून ठेवा.